तीनशे बारा पेशी, सहा उंदीर

कोळारच्या गोदामांपलीकडं एका अतिथिगृहात मेंदूविज्ञानाच्या चौदा संशोधक विद्यार्थ्यांचं दोन दिवसांचं निवासी शिबिर भरलं होतं. पंचशीला त्यांना संख्याशास्त्र शिकवायला आली होती. हळ्ळीखेडच्या तुरीच्या रानातून संख्याशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचलेली ही बाई. विभागप्रमुख अरुणकुमार सरांनी तिला रोज जेवणानंतरचा दीड तास दिला होता, सगळे पेंगतात तो.

तिनं एकच अट घातली होती. संगणकातली आवरलेली फाइल नको, प्रत्येकानं प्रयोगाची मूळ वही आणायची.

पहिल्या दिवशी सरांच्या हाताखालच्या मल्लेश्वरीची वही बघताना तिचा हात थांबला. याच प्रयोगाचं गणित तिनं गेल्या महिन्यात केलं होतं. औषधानं मेंदूतल्या पेशी जास्त सक्रिय होतात, तीनशे बारा पेशी, फरक पक्का. सोमवारी तो शोधनिबंध छापायला जाणार होता आणि त्यात तिचं नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदा छापून येणारं. वहीत मात्र प्रत्येक पेशीपुढं उंदराचा नंबर होता. एक ते सहा.

"हा रकाना माझ्याकडच्या फाइलीत नव्हता."

"सरांनी काढायला लावला, अक्का. उगं गोंधळ व्हायलाय म्हणले."

"आणि तू काढलास."

"मग काय करू? सरांना न्हाई म्हणू?"

एका रानातल्या तीनशे शेंगा मोजल्या म्हणून तीनशे रानं होत नाहीत, एवढं तिच्या बापाला, बळीरामला, शाळेत न जाता कळत होतं. एका उंदराच्या पन्नास पेशी एकमेकींसारख्याच वागणार. औषध तीन उंदरांना दिलेलं, तीन तसेच ठेवलेले. तिनं तिथंच उंदीरवार सरासरी काढली. फरक उरलाच नाही. चार नंबरच्या एकट्या उंदरानं सगळा निकाल खांद्यावर घेतला होता.

तिला सरांचा राग आला, मग त्याहून जास्त स्वतःचा. प्राणी किती, हा पहिला प्रश्न तिनं विचारलाच नव्हता. नाव छापून येणार या खुशीत राहून गेला.

चहाच्या वेळी तिनं सरांना गाठलं. "सर, तीनास तीन उंदीर आहेत. तीनशे बारा कामून लिहिलंय?"

"पेशी मोजल्या न्हाईत का आपण? सगळेच लिहितात असं."

"उद्या तेच चूक म्हणून शिकवायचंय मला."

सर हसले. "दुसरं उदाहरण घ्या. तुम्ही उंदीर हातात धरलाय का कधी? गणित करा, विज्ञान आमच्यावर सोडा. पोरीची पीएचडी अडकंल, तेबी बघा."

पोरीच्या आडून बोललेलं तिला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कुठलंच उदाहरण घेतलं नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, नाव आणि प्राणी. "पेशी सांगू नका. जीव किती, तेवढंच लिहा."

आठ, पाच, बारा. एकानं चार लिहिले आणि मान खाली घालून बसला. मल्लेश्वरी खडू धरून उभीच राहिली.

मागच्या बाकावरून सर म्हणाले, "तीनशे बारा लिही."

"सर, तीनशे बारा उंदीर ठेवायला आपल्याकडं पिंजरे कुठंत?" पंचशीला म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं. तिला हसू आलं नाही, तिच्या आवाजात राग होता.

मल्लेश्वरीनं सहा लिहिले. मग न सांगता पुढं जोडलं, तीन आणि तीन.

सर उठून बाहेर गेले. पंचशीला वर्ग तसाच सोडून त्यांच्यामागं गेली.

"निबंधात उंदरांचा रकाना घाला, न्हाईतर माझं नाव काढा."

"काढतो की नाव," सर म्हणाले. एका श्वासाचाही विचार केला नाही.

एवढं स्वस्त होतं तर तिचं नाव. तिनं जिन्यातच फोन काढला आणि उंदीरवार गणित निबंधाच्या सगळ्या लेखकांना पाठवून दिलं, नाव कामून काढलं त्या कारणासकट. मग वर्गात परतली.

मल्लेश्वरी अजून फळ्याजवळच होती. "अक्का, खरंच फरक हाय का बघायचं तर आणखी किती उंदीर लागतील?"

"इथं बस," पंचशीला म्हणाली. आवाजातला राग तसाच होता. "आकडा काढून बघू."