फुकटाचा बुधवार

आमचे पुंजाजीकाका पैसा वाचवायचे म्हणजे असा, की आजूबाजूच्यांचा जीव मेटाकुटीला यावा. आसेगावात त्यांचा दीड एकर भाजीचा मळा होता. कारंज्याच्या बाजारात भाडं दिलं की छपराखाली जागा मिळे, पण काका कशाला देतात भाडं! बाजाराच्या टोकाला, भर उन्हात फुकट बसायचं. म्हणजे बसायचं काकूनं. काका बैलांना पाणी दाखवायचे आणि ओळखीपाळखीच्यांशी गप्पा हाणायचे.

ही काकू म्हणजे गोजराबाई, काकांची दुसरी बायको. पहिली आवडाबाई हिवतापानं गेली. बिजवराला दिलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा ही आमच्याकडची रीत, तसा काकूच्याही गळ्यात होता. रुपयाहून लहान चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई. डोळ्यांना दोन टिंबं, तोंडाला एक रेघ. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. अठरा वर्षं हे चाललं. वर काकांचं पालुपद होतंच, आवडा अशी होती, आवडा तशी होती, आवडा कधी थकली म्हणून नाही.

एकदा भाकरी थापता थापता काकू मला म्हणाली, "बाप्पा, जित्या सवतीले शिव्या तरी देता येतात. इले काय देऊ?"

छत्तीस साली कापसाच्या गाड्या हाकणारा हेमसिंग नागपूरहून आला आणि ओरडतच मळ्यात शिरला. "पुंजाजी, तुही आवडा तिथं भिताडावर टांगेल हाये!"

फार वर्षांपूर्वी कुणी चित्रकार कारंज्याची मंदिरं काढायला आला होता. त्यानं बाजारात बसलेल्या आवडाबाईचंही चित्र काढलं, हे गावाला माहीत होतं. चित्र कुठं गेलं ते माहीत नव्हतं. आता नागपूरच्या एका शेटजीनं आपल्या बंगल्यात चित्रांचा अजबखाना उघडला होता, तिथं ते लागलं होतं.

दोन दिवसांनी काका मोटेपाशी मला म्हणाले, "मले तिचं तोंड आठवत नाही रे. नाक आठवते, गोंदन आठवते. तोंड नाही." हे सांगताना माझा चुलता पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

पण म्हातारा झाला तरी काका तो काकाच! माणशी दोन आणे तिकीट आणि रस्त्यापर्यंत रांग, हे ऐकून महिनाभर नागपूरचं नाव काढलं नाही. शेवटी हेमसिंगच कुठूनसं ऐकून आला, बुधवारी फुकट असतं आणि रांगही नसते. ठरलं! आम्ही तिघं निघालो. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून नागपूर. स्टेशनावरून टांगा नाही, पायी. भाकरीचं गाठोडं काकूच्या डोक्यावर. बंगला येईस्तोवर माझ्याच पायांची लाकडं झाली होती, काकूचं काय झालं असेल.

फाटकात खरंच रांग नव्हती. काकांची छाती फुगली. "पाह्यलं? अक्कल लागते याले."

शिपायानं काठी आडवी धरली. "आज बायांचा दिवस आहे. पुरुषांना बंदी."

काकांनी विनवण्या केल्या, वय सांगितलं, चित्रातली बाई आपली बायको आहे हेही सांगितलं. शिपाई हसला, पण काठी हलली नाही. बरोबरच होतं त्याचं. शेवटी काका काकूला म्हणाले, "तू जाऊन ये. दुसऱ्या खोलीत हाये म्हने. कपाळावर तीन टिकल्यांचं गोंदन. नीट पाह्यजो अन् मले सांगजो."

"मीच जाऊ? सवतीले पाह्याले?" काकूनं गाठोडं माझ्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि गेली.

आम्ही लिंबाखाली बसलो. तासाभरानं काकू आली. गटागटा पाणी प्यायली आणि पाय लांब करून बसली.

काकांना दम निघेना. "हासून राह्यली काय वं?"

"नाही."

"मंग?"

"बाजाराच्या टोकाले बसेल हाये. उनात. डोये बारीक केले, पाय सुजेल. पुढे वांगे तसेच पडेल हायेत." काकू स्वतःचे पाय चोळू लागली. "मले वाटे कोनी रानी असन. थे तर मीच हावो."

मग ती काकांकडे वळली. "तुमी तिलेबी थ्याच जागी बसवत होते."

काका हळूच म्हणाले, "तोंड कसं हाये, तेवढं तरी सांग."

"नाही सांगत. उद्या दोन आने द्या, रांगेत उभे राहा अन् पाहा. तिनं इतके बाजार उनात काढले. तुमी एक दिस काढा."

अठरा वर्षांत काकूनं काकांना असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. रात्र धर्मशाळेत काढली. गुरुवारी सकाळपासून काका रांगेत. ऊन चढलं, रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी पाणी नेलं तर म्हणाले, "राहू दे." दुपार कलल्यावर आत गेले आणि फार वेळानं बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

ते काकूसमोर उकिडवे बसले आणि तिच्या गळ्याकडे हात केला. "थो टाक काढून दे. तूबी थकली असशीन."

काकूनं टाक मुठीत धरला. मग तो पदराआड सारला.

"राहू द्या," ती म्हणाली. "इतके दिवस इची ओयख नव्हती. आता हाये."