सिस्टरांच्या नावाची लस

आमच्या सिस्टर माणसांच्या आधी बर्फाची विचारपूस करायच्या. दवाखान्यात आल्या की आधी लसींच्या डब्यात हात घालायच्या, बर्फ घट्ट असल्याची खात्री करायच्या आणि मगच मला म्हणायच्या, "हं, यादीबाई, आज किती पोरं?" नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या त्या दवाखान्यात मी कारकून होते. याद्यांचं वेड तेव्हापासूनचं.

"सिस्टर, पोराला ताप येईल ना हो?" असं आया विचारायच्या. उत्तर ठरलेलं असायचं. "येऊ दे की. ताप आला म्हणजे लस कामाला लागली." त्याआधी हरसूलला असताना एकदा बर्फ वितळला, तर भर बाजारच्या दिवशी त्यांनी सगळ्या लसी टाकून दिल्या होत्या. चार-चार कोस चालून आलेल्या बायकांनी शिव्या घातल्या, त्या निमूट ऐकून घेतल्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना अंडाशयाचा कॅन्सर झाला. केमोनंतर परत उलटला. तेव्हा डॉक्टरांनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. रोग्याच्याच गाठीतल्या जिवंत पेशी घेऊन फक्त त्याच्यापुरती लस बनवायची. खात्री कुणीच देत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "जन्मभर लोकांना टोचलं. आता माझ्या नावाची येऊ दे."

त्यांचं जवळचं कोणी नव्हतं, म्हणून धावपळ माझ्याकडे आली. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ ताजी, बर्फात ठेवून त्याच दिवशी मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवायची होती. मी यादी केली: जीप, डबा, बर्फ, सह्या, फोन. सर्जनना दोनदा सांगितलं. थिएटरमधल्या नर्सबाईंना सांगायचं मात्र यादीत नव्हतंच. त्यांनी रोजच्या सवयीने गाठ फॉर्मलिनच्या बरणीत टाकली, तपासणीला पाठवतात तशी. बरणी हातात आली आणि वासानेच मला कळलं. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात.

तिसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सांगितलं.

"यादीत नव्हतं?"

"नव्हतं, सिस्टर."

"मीपण वाचली होती ती," एवढंच म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी सर्जन आले. गाठ पूर्ण निघाली ना, असं सगळेच विचारतात. सिस्टरांनी त्यांची बाही धरली. "खरं सांगा डॉक्टर, थोडी तरी आत राहिली असेल ना?"

आतड्याला चिकटलेली थोडी राहिली होती. ते ऐकून सिस्टर ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

पुढे रोज सकाळी त्या पोट चाचपून बघायच्या. वाढली की लसीसाठी पुन्हा काढता येईल, हा त्यांचा हिशेब. गाठ वाढलीही. पण हे शरीर आता भूल सोसणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते मी त्यांच्यापर्यंत नेलं नाही. शेवटच्या आठवड्यातही त्या माझा हात ओढून पोटावर ठेवायच्या.

"बघ गं, एवढी पुरेल का?"

मी म्हणायचे, "पुरेल, सिस्टर."