अननस घातलेला रस्सा

जिला घास चालत नाही, तिच्या हातचा रस्सा तुम्हाला कसा चालतो?

मी हे आधी स्वतःला विचारायला हवं होतं. सतरा वर्षं मी तो बोटं चाटून खाल्ला.

आत्या रांधायची तो रस्सा आमच्या मालवणी कोंबडीसारखा नव्हता. भाजलेलं वाटप नाही, तिखटाचा लाल तवंग नाही. कांदा, मिरी, दालचिनी, नारळाचा पातळ रस, आणि कोंबडी शिजत आली की अननसाच्या फोडी. तिचे यजमान आगबोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. बोटीवरचं हे रांधप त्यांनी सुट्टीत येऊन तिला शिकवलं. लग्नाला चार वर्षं झाली आणि ते तापानं गेले. आत्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, परत आली.

कोंबडी घरच्या चुलीवर चढत नसे. मागच्या दारी माडाखाली तीन दगड मांडून आत्याच ती शिजवायची. विधवेचे हात त्या टोपाला चालत, तोंड चालत नसे. म्हणून मीठ चाखायला मी. ती थोडं मीठ घालायची, पळीतला थेंब माझ्या तळहातावर सोडायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

बाबा तालुक्याच्या सभांतून सुधारणेची पत्रकं आणत, आठवडी बाजारात वाटत. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. विधवांवरचं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. मॅट्रिकची परीक्षा दिली त्या मे महिन्यात काका मुंबईहून आले, कोंबडी कापली गेली, आणि मी आत्यासमोर हात मागे बांधून उभी राहिले.

"मी चाखूचंय नाय. तूच चाख."

"येड लागला काय गो तुका? माणसां भुकेली आसत."

"आसूंदेत."

तिनं दोनदा पळी पुढे केली. मग टोप उतरवला. मीठ जास्त पडलं तर सगळंच फुकट जाईल, या भीतीनं तिनं आणखी घातलंच नाही.

पहिल्याच घासाला काका हसले. "दर्याच्या काठार रवतंव आणि घरात मिठाचो दुकाळ? रांधताना डोळे खंय होते गो तुजे?"

आत्या दारात उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. ज्यांना मी धडा शिकवायला निघाले होते ते वडे खात होते, आणि शिक्षा तिला झाली होती.

"मी चाखलंय नाय," मी ओरडले. "बाबा, तुमच्या पत्रकात काय लिहिलंय? बाजारात वाटता ते घरात कोणासाठी आहे?"

बाबांचा हात ताटातच थांबला.

बोलली ती आई. आमच्या घरात पुरुष जेवत असताना ती कधी बोलत नसे. तिनं रश्श्याचं भांडं उचललं, पळी भरली आणि आत्यासमोर धरली.

"वन्सं, हात करा. सांगा, मीठ किती घालू ता."

आत्यानं भावाकडे पाहिलं. बाबा मान खाली घालूनच म्हणाले, "घे गो बाय."

तिनं तळहात पुढे केला. थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ कोणी जेवेना. काकासुद्धा.

"मीठ घाल चिमूटभर," ती म्हणाली. "पन अननस आंबट आसा. आमच्या तेंका बोटीवरसून येयत तेव्हा पिकोच लागायचो. माका कोणी सांगूक नाय, इतकी वर्सां मी आंबटच घालतंय तो!"

आणि ती हसली, रडता रडता. आईनं तिचं पान त्याच पंगतीत मांडलं.

आज बाबांचे गठ्ठे मी वाटते, आणि शब्दांवर माझा विश्वास कमी झालेला नाही. पण तुमच्या हातातलं हे माझं पत्रक घडी घालून खिशात ठेवू नका. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर आजच तिचं पान आपल्या पंगतीत मांडा, तिला आधी वाढा, आणि तिचं जेवण होईपर्यंत उठू नका.