काकीचा पावणो

बावीस नंबरची काकी मालिकेतल्या बायकांना स्वयंपाक शिकवायची. पडद्यावरची सून ओट्यापाशी रडायला लागली की ही खाटेवरून सांगायची, “अगो बाय, आधी गॅस बारीक कर. मगे रड.”

नजर तिची फार तिखट. रडारड ऐन रंगात असताना ओट्यावर एखादा तेलाचा डबा आपलं नाव आमच्याकडे करून उभा दिसला, की लगेच म्हणायची, “बघा, पावणो इलो.” म्हणजे पाहुणा आला. “घरातलो डबो कधी पाठ करून पण रवता. ह्येचा तोंड कायम आपल्याकडेच.” डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मग अशा प्रत्येक डब्यापुड्याला पावणोच म्हणू लागले.

मे महिन्यात लालबागहून मिरच्या यायच्या. त्या गच्चीवर पसरून काकी छत्री घेऊन शेजारी बसून राहायची. खाली चल म्हटलं तर म्हणायची, “मिरची उन्हान नाय, नजरेन सुकता.” मग त्या भाजून, डंकावर नेऊन कुटून आणायच्या, आणि मसाल्याची पहिली बरणी, तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून, आमच्या घरी. माझी आई गेल्यावरही ती बरणी कधी चुकली नाही.

मी मालिकांचे संवाद लिहितो. आमच्या एका मालिकेला मसाल्याची एक कंपनी मिळाली. पुडा आजीच्या हातात दिसायला हवा, पण वाक्य जाहिरातीसारखं वाटता कामा नये, असा निरोप आला. दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी मी काकीचं ते मिरचीचं वाक्य उचललं, जरा शुद्ध केलं आणि पुड्यासकट त्या आजीला देऊन टाकलं.

तो भाग काकीच्याच खोलीत पाहिला. पुडा आला. आजी बोलली. मी मान खाली घालून ‘पावणो इलो’ची वाट बघत बसलो. काकीने पदराने चष्मा पुसला.

“माझा बोलणा टीव्हीर घातलंस रे झिला,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिचं सगळ्या चाळीला सांगून झालं होतं.

पुढच्या मे महिन्यात गच्ची रिकामी होती. बरणी मात्र आली, चिंधी बांधून. पहिल्याच घासाला मला कळलं. तसाच बावीस नंबरमध्ये गेलो.

“काकी, यंदा डंकावर गेली नाहीस?”

“गुडघे खय जावक देतत? तुझ्या त्या आजीच्या हातातलो पुडो, तोच आणून भरलंय. तू लिवलंस म्हटल्यार बरोच असतलो.” मग माझ्या तोंडाकडे बघून जरा कावरीबावरी झाली. “बरो नाय काय रे?”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “झकास आहे, काकी.”

त्यानंतर तिने मिरच्या आणल्याच नाहीत.

ती जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा तिची मुलगी सुषमा फोनवर विचारत होती, “दादा, आईचं मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवलंयस का रे? तू तिचं सगळं टिपायचास ना.”

नाही ठेवलं. एक वाक्य तेवढं टिपलं होतं.

आमच्याकडे अजून मालिका लागतात. मध्येच एखादा पुडा तोंड आमच्याकडे करून उभा राहतो, आणि घरात कुणी काही बोलत नाही.

काकी, त्या संध्याकाळी पावणोच इल्लो. पडद्यावरचं घर माझं होतं म्हणून तू त्याला ओळखलं नाहीस, आणि मी तुला सांगितलं नाही.