मी काढलेला गावचा नकाशा

आमच्या गावात दिशा चार नव्हत्या, दोनच होत्या. वयर आणि सकल. वयर म्हणजे सड्याकडे, माथ्यावरच्या खडकाळ पठाराकडे चढत जाणारी बाजू, सकल म्हणजे व्हाळाकडे, खालच्या ओढ्याकडे उतरत जाणारी. सपाट सारवलेल्या स्वयंपाकघरातसुद्धा आई सांगायची, मिठाची बरणी चुलीच्या वयल्या अंगाला आहे, आणि बरणी तिथेच सापडायची. आमच्या शेजाऱ्याची दाढ दुखू लागली तेव्हा म्हापशाच्या डॉक्टरने त्याला विचारलं, कुठली? शेजाऱ्याने आधी जनेलातून बाहेर पाहून आपण कुठे तोंड करून बसलोय त्याचा अंदाज घेतला आणि मग सांगितलं, सकयली. डॉक्टरने खालच्या सगळ्या दाढा ठोकून पाहिल्या. दुखत होती वरची, व्हाळाच्या अंगाची.

गाव पेडणे तालुक्यातला. धारगळला हायवेवर उतरायचं आणि अर्धा तास चालायचं. वर सडा, तिथे काजू आणि काळा दगड. मधोमध शाळा आणि तिला चिकटून पंचायतीची एक खोली. खाली भातशेती, माड आणि व्हाळ. वाडे, म्हणजे वस्त्या, दोन: वयल्या वाड्याला एक देऊळ, सकयल्या वाड्याला एक. दोन्ही एकाच गवंड्याने बांधलेली, त्यामुळे जुळ्या भावांसारखी. परका माणूस हटकून चुकायचा. खरा फरक पाण्याचा होता. सकल तीन बांयी, म्हणजे विहिरी, आणि देवळाला लागून बारा महिने वाहणारी झर. वयर पाण्याचा थेंब नाही. एप्रिल लागला की आमच्या वाड्यावरच्या बायका डोक्यावर कळशी आणि हातात बाल्दी घेऊन पाणंद चढायच्या. आईच्या दिवसाला सात खेपा व्हायच्या. तिचं माहेर डिचोलीकडे, सर्वणला. तिथे परसात हात घातला की पाणी, असं ती सांगायची. लग्न ठरवताना तिच्या बापाने मुलगा पाहिला, घर पाहिलं, गाय पाहिली, बांय कुठे आहे तेवढं विचारायचं राहून गेलं.

मी बी.ए. झालो तो त्या खेपांवर झालो, असं मी चारचौघांत सांगतो. आई म्हणायची, तू नसतास तरी खेपा मारायच्याच होत्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. हे मी लपवत नाही. उलट कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. तालुक्याच्या कचेरीतून पंचायतीला कागद आला की गावाला एक सार्वजनिक नळ मिळणार, कुठे हवा ते नकाशावर दाखवून पाठवा. ग्रामसभा भरली. नळ वयल्या वाड्यावर, देवळापाशी बसवायचा, हे पाच मिनिटांत ठरलं. सकयल्या वाड्यानेही हात वर केले. तिथली एक म्हातारी, जिला सगळा गाव मावशी म्हणायचा, ती म्हणाली की झरीच्या बाजूला नळ म्हणजे माडाला नारळ बांधण्यापैकी आहे. नकाशा काढायचं काम गावातल्या एकुलत्या एका पदवीधराकडे आलं. मी नको म्हणालो नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो होतो, पण गावाच्या दृष्टीने बी.ए. म्हणजे बी.ए.

अडलं ते नावांवर. नकाशावर नावं मराठीत लिहायची की कोकणीत? ते दिवसच तसे होते. आमच्याकडे बोलणं कोकणीतून, अर्ज मराठीतून, आणि अंगठा ज्याला जी भाषा आवडेल तीत. मराठी हवी म्हणणारे कोकणीतून तावातावाने भांडले, आणि कोकणी हवी म्हणणाऱ्यांनी आपला मुद्दा मराठी वर्तमानपत्रातून वाचून दाखवला. दोन तास गेले. एकाच घरातले दोघे भाऊ वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसले. शेवटी सरपंच उठले. काजूचे मोठे बागायतदार, बोलायला अगदी मऊ.

"नावां बरवचीच नाकात," ते म्हणाले. "चित्रां काड. देवूळ तें देवूळ. ताका भास कित्याक जाय?"

नावं लिहायचीच नाहीत, नुसती चित्रं, देवळाला भाषा कशाला हवी, हे दोन्ही बाजूंना पटलं. गावातला भाषावाद त्या दिवशी मिटला, आणि त्याची किंमत काय पडणार हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी पंचायतीच्या मेजावर मोठा कागद पसरून मी बसलो. सडा कागदाच्या वरच्या अंगाला काढला. वयर असलेली वस्तू कागदावर वयरच येणार, यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला वाटलं नाही. मध्ये शाळा, तिच्यासमोर झेंडा. खाली व्हाळ, त्यात हौसेने दोन मासे. वर एक देऊळ, खाली एक देऊळ, दोन्हींना सारखेच कळस. वरच्या देवळाशेजारी लाल शाईने नळ. नावाचं अक्षर कुठे नाही. सरपंचांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले की मासे बरे आले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तो पेडण्याच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकुनाने कागद हातात धरून पाहिला आणि विचारलं, उत्तर कुठे आहे? नकाशाला बाण लागतो म्हणाला. मी खिशातलं पेन काढलं. शाळेपासून कॉलेजपर्यंत भिंतीवर जेवढे नकाशे पाहिले होते त्या सगळ्यांवर उत्तर वर होती. मी कोपऱ्यात वर टोक केलेला बाण काढला. रिकामा दिसायला नको म्हणून त्याला मागे पिसंही काढली. कारकून म्हणाला, बाण बरो आयला, आणि शिक्का मारला.

आता सांगायला लाज वाटते, पण मी रोज सकाळी अंगणात सड्याकडे तोंड करून दात घासायचो, आणि सूर्य रोज माझ्या डाव्या गालावर यायचा. बावीस वर्षं येत होता. मी त्याची कधी दखल घेतली नव्हती.

त्यानंतर मला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. सकाळी सहाला निघायचं, दिवस मावळायला परत. त्यामुळे नळाचे कामगार कधी आले ते मला आईकडून कळलं. आठ माणसं होती, गडहिंग्लजकडची, शाळेच्या मागे झोपड्या घालून राहिलेली. त्यांचा मुकादम वयस्कर होता, डोक्यावर पांढरी टोपी. आईला पाणंद चढताना पाहून पहिल्याच दिवशी त्याने तिच्या हातातली बाल्दी घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. आईने त्याला पेज दिली. तेवढ्यावर तो तिला मावशी म्हणू लागला, वयाने तिच्याहून मोठा असून.

तिसऱ्या संध्याकाळी आई म्हणाली, "नळाचीं माणसां सकल खणतत रे."

मी हातपाय धुता धुता तिला समजावलं. पाइप आधी सकल न्यावा लागतो, मग वर चढवतात, पाण्याच्या दाबाचं शास्त्र आहे. कारखान्यात चार महिने काढल्यावर माणसाला दाबाविषयी बोलायचा अधिकार येतो असं मला वाटत होतं.

"बरां," आई म्हणाली. "तूं शिकलेलो."

रविवारी मी सकल गेलो. देवळाशेजारी, झरीपासून दोन हातांवर, सिमेंटचा कट्टा उभा होता. त्यावर पितळी नळ. कट्ट्यावर झरीतला एक बेडूक ऊन खात बसला होता. सकयल्या वाड्याची म्हातारी मावशी पायरीवर कपडे धूत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे आणि झरीकडे आळीपाळीने पाहिलं.

वयल्या वाड्यावर आग लागल्यासारखं झालं. लोक पंचायतीसमोर जमले. ह्या घाटावरच्या लोकांना वयर-सकल कळत नाही, असं एकाने म्हटलं आणि मग सगळ्यांनी म्हटलं. कंत्राटदाराकडे लेखी तक्रार करून मुकादमाला घरी पाठवायचं ठरलं. त्याच संध्याकाळी सभा बोलावली. तक्रार कोण लिहिणार? अर्थात मी.

मेजामागे मला बसवलं. मुकादमाला दारात उभं केलं. बायका मागच्या भिंतीशी, त्यांच्यात आई. सरपंचांनी मुकादमाला मऊपणाने विचारलं की बाबा, सरळ दिलेला नकाशा तू उलटा कसा वाचलास?

त्याने टोपीच्या घडीतून कागद काढला. माझ्याच नकाशाची निळी प्रत. मासेसुद्धा निळे झाले होते.

"कागदाबर बाण वर हाय," तो म्हणाला. "बाणाकडं उत्तर, येवडं आमाला कळतंय. सकाळी सूर्व्याकडं उजवा हात केला, तोंड फुडं. तोंड व्हाळाकडं झालं. त्या अंगाचं देऊळ धरलं. आमचं चुकलं कुटं, तेवडं सांगा."

कोणाला काही समजलं नाही. मला समजलं. डावा गाल अचानक गरम झाल्यासारखा वाटला. लोक म्हणाले, लिही रे बीए. मी लिहिलं, "वरील विषयास अनुसरून", आणि तिथे पेन थांबलं. पुढचं वाक्य चांगल्या मराठीत लिहिलं असतं तर तो माणूस उद्या गडहिंग्लजच्या बसमध्ये असता, गावात माझा मान तसाच राहिला असता, आणि चूक मुकादमाची म्हणून नळ वर आलाही असता. मागे आई उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुकादमाच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. कागदावर तिचं घर कुठे आहे ते तिला मी दाखवलं होतं.

मी उठलो आणि म्हणालो, "बाण मी काडलो. चुकीचो काडलो. उत्तर सकल आसा."

मग सरपंच म्हणाले, "उत्तर सकल? ती कोणें व्हेली?" जणू कोणीतरी ती उचलून खाली नेली होती.

मला वाटलं होतं लोक रागावतील. लोकांनी विश्वासच ठेवला नाही. उत्तर वयर असते, सगळ्या नकाशांत तशीच आहे, शाळेच्या भिंतीवर जाऊन बघा, असं मलाच समजावू लागले. एक पंच म्हणाले, पोराला कारखान्याचा धूर लागला. दुसरे म्हणाले की समजा उत्तर सकल असली, तरी ठराव करून ती वयर आणता येईल का, ते सेक्रेटरींनी सांगावं. सेक्रेटरींनी वही उघडली आणि पुन्हा मिटली.

शेवटी मुकादमच म्हणाला, बाहेर चला. सूर्य मावळायला टेकला होता. त्याने अख्ख्या सभेला शाळेच्या पटांगणात उभं केलं. मावळतीकडे तोंड करा म्हणाला. केलं. आता उजवा हात बाजूला पसरा, ती उत्तर. साठ-सत्तर माणसांनी, सरपंचांनी, पंचांनी, भाषेवरून वेगवेगळ्या बाकांवर बसलेल्या त्या दोघा भावांनी, हात पसरले. सगळे हात व्हाळाकडे गेले. बराच वेळ कोणी हात खाली घेतला नाही. आपलाच हात आपल्याला फसवतोय की काय, अशी प्रत्येकाची नजर.

सकयल्या वाड्याच्या मावशीला सगळ्यात आधी बोलायला सुचलं. "इतकीं वर्सां आमी उत्तरेंत रावतांव," ती म्हणाली, "आणि आमकां कोणें सांगलांच ना."

हसू फुटलं ते तिथे. मुकादमही हसला. सरपंचांनी तक्रारीचा कागद माझ्याकडून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. मला काहीच बोलले नाहीत. गावाने मात्र पुढची काही वर्षं बोलायचं सोडलं नाही. मी रस्त्याने दिसलो की पोरं उजवा हात पसरून उभी राहायची.

घरी जाताना आईने पाणंदीत विचारलं, "मगे नळ गेलो?"

"गेलो, आई."

"मगीर परत काड कागद."

परत काढला. पंचायतीने ठराव करून पाइप वर वाढवून मागितला. कचेरीतल्या कारकुनाने जुन्या नकाशावर बाण उलटा करायला साफ नकार दिला. खाली टोक असलेला बाण साहेब घेत नाहीत, म्हणाला. म्हणून सगळा गाव नव्याने काढावा लागला: व्हाळ वर, मासे वर, सडा तळाला, आणि आमचं घर कागदाच्या अगदी खालच्या कडेला, पडेल की काय असं. ह्या वेळी नावंही लिहिली, अर्धी मराठीत, अर्धी कोकणीत, आणि तक्रार करायला कोणी आलं नाही. मी तो आईला दाखवला. तिने हात पदराला पुसून कागद घेतला, पाहिला, फिरवून सडा वर केला आणि म्हणाली, आता बरा दिसतो.

पुढच्या उन्हाळ्याआधी काम मंजूर झालं. तीच टोळी आली, तोच मुकादम. त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली होती. नवा नकाशा त्याच्यासमोर धरून उत्तर, दक्षिण, सगळं बोटाने दाखवलं. त्याने मान डोलावत ऐकून घेतलं. कागद घेतला, चार घड्या करून टोपीत ठेवला आणि आमच्या अंगणात गेला.

"मावशी," त्याने आईला विचारलं, "वर कुटं?"

आईने तांदूळ निवडता निवडता सुपानेच सड्याकडे दाखवलं.

"झालं मग," तो म्हणाला, आणि माणसांना कुदळी उचलायला सांगितल्या.

आठवड्याने एका सकाळी नळाला पाणी आलं. आधी नुसता वारा सूं सूं करत, मग तांबडं पाणी, मग चांगलं. आईने पहिली कळशी भरली. चुंबळ डोक्यावर ठेवली, मग काढली. घर वीस पावलांवर होतं. कळशी काखेत घेऊन ती निघून गेली आणि चुंबळ नळाच्या कट्ट्यावर तशीच राहिली. मी ती उचलली, झटकली, आणि बाल्दी घेऊन तिच्या मागून गेलो.