आमचा एसी आणि ह्यांचं शेडनेट

गेल्या गुरुवारी सकाळपासून आमच्या केडगावच्या घरात एकच वाद... एसी दुरुस्त करायचा की नवा आणायचा. वाद म्हणजे काय, मी बोलत होते आणि हे चहा पीत होते.

एसी तसा नऊ वर्षांचा. आमची स्नेहल बारावीला होती तेव्हा तिच्या अभ्यासासाठी घेतलेला, तिच्याच खोलीत. पुढे ती लग्न होऊन शिक्रापूरला गेली आणि एसी तसाच राहिला... आम्ही दोघं पंख्याखाली झोपणारी माणसं.

आता स्नेहलला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. रविवारी ती यायची होती आणि नेमका आत्ताच एसी रुसला. पंधरा-वीस मिनिटं बरा चालायचा, मग नुसतीच कोमट हवा...

त्यात बुधवारी विहीणबाईंचा फोन. "तुमच्याकडं खोली तापती म्हणं. आमच्याकडं एसी हाय, पोरीला हितंच राहू द्या की." बोलल्या प्रेमानेच, बाई स्वभावाने फार चांगली आहे. पण बोलण्याचा अर्थ मला कळला. खोली गार झाली नाही तर माझी लेक येणार नव्हती, इतकं सरळ होतं ते.

यवतच्या एका दुकानात फोन लावला. त्यांनी न बघताच निकाल दिला... नऊ वर्षं झाली ना, मग कॉम्प्रेसर गेला असणार, नवा घ्या. पण सीझन आहे, फिटिंगला आठ दिवस थांबावं लागेल म्हणाले. रविवार तर तीन दिवसांवर आलेला.

मी ह्यांना म्हटलं, असू दे, तरी बुक करा. तेव्हा कुठे ह्यांनी कप खाली ठेवला. "पोरीचा एसी हाय तो. एकदा रफिकमामांना दावू, मग बघू."

ह्यांची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू... मान टाकलेलं रोपसुद्धा हे लगेच उपटत नाहीत, अजून दोन दिवस पाणी घालून बघतात. एरवी मला त्याचं कौतुक वाटतं. त्या दिवशी मात्र अस्सा राग आला म्हणून सांगू...

रफिकमामा स्टेशनजवळ राहतात. फ्रीज-एसी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. आले, एसी चालू केला, फिल्टर काढून बघितला, बराच वेळ नुसतं कान देऊन ऐकत बसले. मग म्हणाले, "बाहेरचं युनिट कुठंय?"

"गच्चीवर. चला की, एकदम बंदोबस्तात ठेवलंय," हे म्हणाले. आवाजात चक्क अभिमान.

मीही मागून गेले. गुडघ्यांमुळे दोन महिने मी जिना चढलेच नव्हते. वर जाऊन बघते तर काय... अख्ख्या युनिटला रोपांवर सावलीसाठी घालतात ते हिरवं शेडनेटचं कापड, तेही दुहेरी, चारी बाजूंनी गुंडाळून सुतळीने आवळलेलं. त्यावर महिन्याभराची धूळ बसलेली.

"हे कुणी केलं?" मामांनी विचारलं.

"मीच. ऊन किती हाय बघा की. पोरगी यायची, म्हणलं आधीच मशीन तापाय नको."

मामा पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले आणि हसत सुटले. "अवो दादा, घरातली गरमी हे मशीन हितनं भाईर टाकतंय. तुम्ही त्याचं नाक-तोंडच बांधलं की. त्यानं श्वास कुठनं घ्यायचा?"

माझ्या तोंडावर चार-पाच वाक्यं अगदी तयार होती... पण ह्यांच्याकडे बघितलं आणि ती तिथेच राहिली. हे सुतळी सोडायला बसले होते. गाठ सुटत नव्हती. "माझ्यापायी पोरगी तिकडंच ऱ्हायली आसती व्हय गं..." एवढंच म्हणाले. गुडघे विसरून मी शेजारी बसले आणि दुसऱ्या टोकाची गाठ सोडायला घेतली.

मग मामांनी युनिट पाण्याने स्वच्छ धुतलं, गॅस तपासला. गॅस पुरेसा, कॉम्प्रेसर ठणठणीत. अर्ध्या तासात स्नेहलची खोली अशी गार झाली की मी दार लावून तिथेच जरा उभी राहिले. जाताना मामा ह्यांना म्हणाले, "सावली द्यायचीच आसंल तर वर उंच द्या, बाजू मोकळ्या सोडा."

रविवारी चर्चमधून येतो तोवर गाडी दारात. लेकीला सोडायला विहीणबाई स्वतः आल्या होत्या... खोली तपासायलाच, हे मला कळत होतं. जेवून त्याच खोलीत जरा पडते म्हणाल्या आणि दोन तास उठल्या नाहीत. शिक्रापूरला ट्रकच्या आवाजात अशी झोप लागत नाही म्हणे. जाताना स्वतःच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच."

आणि स्नेहल... कॉटवर टेकली, दहा मिनिटांत म्हणते, "आई, गार लागतंय गं, पांघरूण दे." मी उठेपर्यंत हे गोधडी घेऊन दारात हजर.

आता गच्चीवर चार बांबू उभे आहेत. त्यावर तेच शेडनेट, डोक्याच्याही वर, बाजू सगळ्या मोकळ्या. हे रोज संध्याकाळी वर जातात, युनिटसमोर हात धरून गरम हवा येते का बघतात आणि समाधानाने खाली येतात.

तुमच्याकडेही एसी गार करत नसेल, तर नवा बुक करण्याआधी एकदा गच्चीवर चक्कर मारून या... घरातल्या कुणी त्याच्यावर माया तर केली नाही ना, एवढं बघा.