हत्तीच्या घरातले प्यादे

२१ एप्रिल १९९६, रविवार, सकाळी दहा वाजता डाव सुरू झाला. जागा गंगापूर रोडवरील आमच्या बुद्धिबळ मंडळाची माडी. समोर माझे व्याही, सुनेचे वडील. सटाण्याहून नुकतेच नाशकात राहायला आलेले. पुढच्या रविवारी मालेगावच्या संघाशी सामना होता. आमच्याकडून पहिल्या पटावर कोण बसणार, हे या डावावर ठरायचे होते. ती जागा बरीच वर्षे माझी होती. बरोबरी झाल्यास माझीच राहणार होती.

पांढरी मोहरी त्यांची. वजिरापुढचे प्यादे त्यांनी दोन घरे सरकवले. मीही तेच केले. मग त्यांनी उंटापुढचे प्यादे माझ्या तोंडाशी आणून ठेवले.

“घ्या, व्याहीबुवा. लग्नात काही घेतलं नाहीत, आता एवढं तरी घ्या.”

“सवय नाही,” मी म्हणालो, आणि घेतले नाही.

दुपारपर्यंत मोठी मोहरी कापाकापीत संपली. त्यांचे एक प्यादे कडेच्या पट्टीवरून शेवटच्या घराकडे निघाले. ते थोपवणे अशक्य होते. म्हणून मी माझी उरलेली प्यादी मुद्दाम मरू दिली, आणि राजा अशा जागी उभा केला, की त्या प्याद्याचा वजीर होताच माझ्या राजाला शह न बसता हलायला एकही घर उरू नये. असा डाव बरोबरीत सुटतो. मग कपाळाला हात लावून बसलो. हरणाऱ्याचा चेहरा मला जमतो.

“असं तोंड नका करू,” ते म्हणाले. “पोरगी तुमच्या घरात आहे. जपूनच मारतो.”

प्यादे शेवटच्या घरात पोचले. त्यांनी ते उचलून तिथे हत्ती ठेवला. हत्ती तिरका मारत नाही; माझ्या राजाला एक घर मोकळे राहिले, आणि बरोबरी हुकली.

“हत्ती? वजीर का नाही?”

“हत्तीच्या घरात गेलं ना? मग हत्तीच होणार. आमच्या आजोबांनी असंच शिकवलंय.”

“तो देशी नियम. इथे हवे ते मोहरे घेता येते.”

“असं होय! मग बदलून वजीर घेऊ का?”

मंडळात ठेवलेले मोहरे कोणालाही उचलू न देणारा मीच.

“नाही. ठेवले ते ठेवले.”

“लय कडक बुवा तुम्ही! व्याह्याचं एवढंसं भलं बघवत नाही!”

मी खुलासा केला नाही. थोड्याच खेळ्यांत हार मानून राजा आडवा केला.

पहिल्या पटाच्या घड्याळाला किल्ली देणे हे त्या पटावरील खेळाडूचे काम. संध्याकाळी मी ते घड्याळ, किल्ली न देताच, त्यांच्या घरी पोचवले.